चिक्की चिवट, लाडू दगड, वडी ओली : तिन्हींचं उत्तर पाकातल्या पाण्यात

प्रश्न थोडक्यात असा आहे. डोंबिवलीच्या एका ताईंची गुळाची चिक्की दाताला चिकटते. तिळाचे लाडू दुसऱ्या दिवशी इतके टणक होतात, की फोडायला बत्ता घ्यावा लागतो. आल्याच्या वड्या कधी थापल्या तशाच ओल्या राहतात, कधी कढईतच त्यांचा भुगा होतो. कृती तीच, प्रमाण तेच, तरी दर वेळी निराळं काहीतरी होतं. थर्मामीटर घ्यावा का, गूळ कोणता आणावा, काटेरी हलवा घरी जमेल का आणि दुबईला असलेल्या लेकीला यातलं काय पाठवता येईल, असंही त्यांनी विचारलं आहे.

मी पुण्यात राहते. संक्रांतीच्या आधी चिक्की, तिळगूळ आणि हलव्याच्या दागिन्यांच्या ऑर्डरी घेते, आणि वर्षभर शिकायला येणाऱ्यांना हेच शिकवते. ताई, तुमचं प्रमाण बरोबरच असणार. वाटी-चमच्यांच्या मापात फारसं कोणी चुकत नाही. फरक पडतो तो कढई गॅसवरून कधी उतरवली त्यात. तेवढं एक समजलं, की चिक्की, लाडू, वडी आणि हलवा ही चार वेगळी कौशल्यं उरत नाहीत.

साखर किंवा गूळ पाण्यात विरघळवून उकळत ठेवला की पाणी उडत जातं. पाणी कमी होईल तसा पाक अधिकाधिक तापमानाला उकळतो, आणि गार झाल्यावर तो मऊ राहणार की कडक होणार, हे आत उरलेल्या पाण्यावर ठरतं. साखरेचा एकतारी पाक साधारण १०५ अंश सेल्सिअसला येतो. त्यात अजून जवळजवळ ३० टक्के पाणी असतं. ११२ ते ११६ अंशांना मऊ गोळी होते, तेव्हा पाणी १५ टक्क्यांच्या आसपास असतं. १२१ ते १३० अंशांना गोळी कडक होते. आणि १४६ अंशांच्या पुढे पाक गार झाल्यावर कट्‌कन तुटतो, कारण तोपर्यंत पाणी जेमतेम एक-दोन टक्के राहिलेलं असतं. १६० च्या पुढे साखर जळायला, म्हणजे कॅरॅमल व्हायला लागते.

यातला घात करणारा भाग वेळेचा आहे. सुरुवातीला पाणी भरपूर असतं, त्यामुळे पाक बराच वेळ एकशेपाच-एकशेदहाच्या आसपास रेंगाळतो. आपल्याला वाटतं काही होतच नाहीये, आणि आपण गॅस वाढवतो किंवा वेलदोडे कुटायला वळतो. शेवटी उडायला पाणीच शिल्लक नसतं, मग तापमान भराभर चढतं. मऊ गोळीपासून कडक गोळीपर्यंतचं अंतर मोठ्या आचेवर मिनिटभरात संपतं. म्हणून ‘पाच मिनिटं उकळा’ अशा सूचनेवर कधीच विसंबू नका. तुमचा बर्नर, कढईचं तोंड किती रुंद, गूळ किती ओलसर, यावर ती पाच मिनिटं तीन होतात किंवा नऊ होतात. पाक दाटायला लागला की आच मंद करा, आणि तिथून कढईजवळून हलू नका.

पाक ओळखायची आपली जुनी पद्धत उत्तम आहे. गार पाण्याची वाटी शेजारी ठेवायची, पाकाचा थेंब त्यात टाकायचा, दोन-तीन सेकंद थांबून बोटांनी उचलायचा. पाण्यात पसरला, तर पाक कच्चा. बोटांनी गोळा करता आला आणि दाबल्यावर चपटा झाला, तर मऊ गोळी. गोळी आकार धरून राहते पण दाबता येते, तर कडक गोळी. वाटीत टाकल्यावर ‘टण्’ असा आवाज आला आणि वाकवल्यावर न वाकता तुटला, तर चिक्कीचा पाक. यात दोन गोष्टी लोक विसरतात. पाणी खरंच गार हवं, आणि थेंबागणिक बदलायला हवं, कारण चौथ्या-पाचव्या थेंबाला ते कोमट झालेलं असतं आणि पाक आहे त्यापेक्षा मऊ भासतो. दुसरं म्हणजे थेंब तपासत असताना कढई आचेवर ठेवायची नाही. गॅस बंद करा, तपासा, कच्चा असेल तर परत लावा. पाक थांबल्याने बिघडत नाही, पुढे गेल्याने बिघडतो.

थर्मामीटर घ्यावा का? नवशिक्यांनी जरूर घ्यावा. २०० अंशांपर्यंत दाखवणारा, काडीसारखा साधा डिजिटल चालतो. फक्त आणल्यावर आधी तो उकळत्या पाण्यात धरून बघा. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळतं, आणि दर ३०० मीटर उंचीला हा आकडा साधारण एका अंशाने घटतो. पुण्यात पाणी ९८ च्या आसपास उकळतं, महाबळेश्वरला ९५-९६ ला. पाकाचे सगळे आकडे तेवढेच खाली सरकतात. तुम्ही डोंबिवलीच्या आहात, तुम्हाला वरचे आकडे जसेच्या तसे चालतील. घाटावरच्यांनी ‘उकळत्या पाण्याच्या वर किती’ असा हिशोब ठेवावा : मऊ गोळी १२ ते १६ अंश वर, चिक्की ४६ ते ५० अंश वर. काडीचं टोक पाकात बुडालेलं हवं, तळाला टेकलेलं नको. आणि सुरुवातीला थर्मामीटर आणि वाटीतला थेंब दोन्ही बरोबर वापरा. काही दिवसांनी बुडबुड्यांचा आकार आणि आवाज यावरूनच कळायला लागतं. पाणी भरपूर असताना बुडबुडे मोठे, उथळ आणि घाईचे असतात. पाक पक्का होत आला की ते लहान, जाड आणि संथ होतात.

आता तुमची चिक्की. दाताला चिकटणारी चिक्की म्हणजे १२५-१३० अंशांना उतरवलेला पाक, याबद्दल मला शंका नाही. गुळाचा पाक फसवतो, कारण तो आधीपासूनच गडद असतो. साखरेत रंग बदलताना दिसतो, गुळात दिसत नाही, आणि जळेल या भीतीने आपण लवकर उतरवतो. गुळाच्या चिक्कीला माझं प्रमाण असं : २५० ग्रॅम शेंगदाणे खमंग भाजून, सालं काढून, अर्धे केलेले, २०० ग्रॅम चिरलेला गूळ, एक चमचा साजूक तूप, गूळ विरघळण्यापुरतं दोन चमचे पाणी, चिमूटभर खायचा सोडा. गूळ मंद आचेवर पूर्ण वितळू द्या. मग मध्यम आचेवर ढवळत राहा. आधी फेस येतो, मग फेस दाट होतो, मग रंगात एक लालसर झाक येते आणि वास बदलतो. इथे वाटीत थेंब टाका. तुटला पाहिजे, आणि तोंडात घालून चावला तर दाताला न चिकटता कुरकुरला पाहिजे. चावून बघणं हीच गुळाच्या पाकाची खरी परीक्षा. मी १४५ अंशांच्या सुमाराला उतरवते. १५० च्या वर गूळ कडवट होतो.

सोडा शेवटी, गॅस बंद करून घालायचा. गरम पाकात त्याचा वायू सुटतो, पाकात बारीक बारीक पोकळ्या होतात आणि चिक्की खुसखुशीत लागते. चिमटीपेक्षा जास्त घातला तर साबणासारखी चव येते. सोडा नको असेल तर नका घालू, चिक्की थोडी टणक होईल इतकंच.

दाणे गरम हवेत. ही गोष्ट कृतींमध्ये क्वचितच लिहिलेली असते, आणि निम्म्या चिक्क्या तिच्यामुळे बिघडतात. गार दाणे दीडशे अंशांच्या पाकात पडले की पाक तिथल्या तिथे थिजतो, सगळ्या दाण्यांना लागत नाही, आणि लाटताना गठ्ठे होतात. शेजारच्या शेगडीवर दाणे कोमट ठेवा. पोळपाटाला, लाटण्याला, सुरीला तूप आधीच लावून ठेवा, कारण पाक उतरल्यावर हातात मिनिटभराचाच अवधी असतो. बटर पेपरच्या दोन तुकड्यांमध्ये लाटलं तर पातळ आणि सारखी लाटली जाते. लाटून झाल्याबरोबर सुरीने रेघा पाडा. गार झाल्यावर त्या रेघांवर हाताने मोडता येते.

आणि बिघडलेली चिवट चिक्की टाकून देऊ नका. तिचा पाक लाडवाच्या जवळपासचा आहे. तुकडे करून मंद गॅसवर चमचाभर तुपात मऊ होऊ द्या, त्यात भाजलेले तीळ घाला आणि हाताला तूप लावून छोटे लाडू वळा. छान होतात.

गूळ कोणता, याचं उत्तर पदार्थावर आहे. संक्रांतीच्या दिवसांत वाण्याकडे ‘चिकीचा गूळ’ म्हणून वेगळा मिळतो. तो जास्त चिकट असतो, पाकाला लवकर येतो आणि लाडू-चिक्की धरून ठेवतो. पोळीच्या सारणाला, पुरणाला लागतो तो साधा गूळ रवाळ असतो. त्याची चिक्की होत नाही असं नाही, पण लाडू वळताना फुटतात. सेंद्रिय म्हणून मिळणारा काळपट गूळ चवीला मला सर्वांत आवडतो. मात्र त्यात उसाची चिपाडं आणि कचकच असू शकते. तो अर्धी वाटी पाण्यात वितळवून, कापडातून गाळून घ्या. पाणी जास्त पडलं म्हणून घाबरू नका. ते उडायला जास्त वेळ लागेल, एवढंच. गुळात साध्या साखरेबरोबर थोडी ग्लुकोज-फ्रुक्टोज अशी सुटी साखरही असते, आणि ती हवेतला ओलावा फार ओढते. डोंबिवली-मुंबईच्या पावसाळ्यात गुळाची चिक्की डब्याबाहेर तासभरही टिकणार नाही. जून ते सप्टेंबर तिच्या वाटेला जाऊ नका. आणि थंडीतही चिक्की गार झाल्याबरोबर, लगेच, घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. ‘रात्रभर पंख्याखाली वाळू दे’ असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. रात्रभरात ती पाणी पिते.

लाडू टणक होतात याचं कारण अगदी उलटं आहे. तिथे पाक पुढे जातो. लाडवाला मऊ गोळीचा पाक हवा, फार तर ११८ अंश. अर्धा किलो तीळ असतील तर ४०० ते ४५० ग्रॅम चिकीचा गूळ, दाण्याचं जाडसर कूट दीड वाटी, अर्धी वाटी डाळं, भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचा कीस अर्धी वाटी, वेलची, दोन चमचे तूप. तीळ मंद आचेवर, तडतडायला लागेपर्यंत भाजा. पॉलिशच्या पांढऱ्याशुभ्र तिळापेक्षा गावरान, सालीसकट तीळ घ्या. चवीत फार फरक पडतो. पाकाचा थेंब वाटीत मऊ गोळी झाला, की गॅस बंद करा आणि सगळं एकदम घाला.

इथे अनेक घरांत एक गोष्ट होते. मिश्रण कढईत गार होऊन घट्ट होतं, वळता येत नाही, म्हणून कढई परत गॅसवर चढते. दोन-तीनदा असं केलं, की दर वेळी थोडं पाणी उडतं आणि शेवटचे लाडू दगड होतात. कढई गॅसवर ठेवण्याऐवजी गरम पाण्याच्या पातेल्यावर ठेवा. मिश्रण कोमट राहतं आणि पाक पुढे जात नाही. त्याहून चांगलं म्हणजे दोन घाणे करा, किंवा घरातल्या चार जणांना हाताला पाणी लावून वळायला बसवा. आमच्याकडे येणाऱ्यांना मी हेच सांगते, की तिळाचे लाडू एकट्या माणसाने करायचा पदार्थ नाही.

घरात दातांची तक्रार असलेलं कोणी असेल, तर पाक न करता लाडू करा. भाजलेले तीळ गार करून मिक्सरमधून थांबत थांबत फिरवा, अगदी पीठ करू नका. त्यात किसलेला गूळ, दाण्याचं कूट, वेलची घालून पुन्हा एकदा फिरवा. तिळात जवळपास निम्मं तेल असतं, ते सुटतं आणि त्यानेच लाडू वळले जातात. पाकच नाही, त्यामुळे टणक होण्याचा प्रश्नच येत नाही. जयपूरला, पंढरपूरला जाणाऱ्या प्रवासात हे लाडू डब्यात फुटतील, पण घरच्या ताटात यांच्यासारखं काही नाही.

वडीकडे वळण्याआधी एक फरक नीट समजून घ्या, कारण आल्याच्या वडीचं सगळं गणित त्यावर आहे. चिक्कीत साखरेचे कण परत एकत्र यायला नको असतात. पाक स्वच्छ, काचेसारखा थिजायला हवा. वडीत नेमकं उलट हवं. तिथे साखर परत बारीक रव्याच्या रूपात यायलाच हवी, नाहीतर वडी पडत नाही. म्हणून चिक्कीला उपयोगी पडणाऱ्या गोष्टी वडीला घातक ठरतात. साखरेच्या चिक्कीत लिंबाचे चार थेंब घालतात. आंबटामुळे साखरेचा काही भाग ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये मोडतो आणि पाकात रवा पडत नाही. तेच लिंबू आल्याच्या वडीत घातलं तर ती चिकट राहील. गूळ घातला तरी तेच होईल. ‘साखरेऐवजी निम्मा गूळ’ असं करून पाहिलं असेल, तर तुमच्या ओल्या वड्यांचं कारण तेच समजा.

आल्याच्या वडीला एक वाटी आल्याचे तुकडे, दोन वाट्या साखर, पाव वाटी दाट साय किंवा दोन चमचे दूध पावडर, एक चमचा तूप. आलं कोवळं, रसरशीत हवं. हिवाळ्यात नवं आलं येतं तेव्हा करा, जुन्या आल्याचे दोरे जिभेवर येतात. आलं मिक्सरमध्ये पाण्याशिवाय वाटा. साय लगेच घालू नका. कच्च्या आल्यात दूध फाडणारं एक द्रव्य असतं, ते उष्णतेने निकामी होतं. आधी आलं आणि साखर एकत्र करून चांगली उकळी येऊ द्या, चार-पाच मिनिटं शिजू द्या, मग साय घाला. फुटणार नाही.

मग मध्यम आचेवर सतत ढवळायचं. तीन खुणा क्रमाने येतात. मिश्रण कढईच्या कडा सोडतं. उलथन्याने तळाला रेघ मारली तर ती क्षणभर उघडी राहते. आणि कढईच्या काठाला लागलेलं मिश्रण पांढरं, कोरडं दिसायला लागतं. ही तिसरी खूण दिसली की गॅस बंद. आता खरी मेहनत : खाली उतरवून जोरात घोटायचं. वरची चकाकी जाते, मिश्रण निस्तेज आणि जड होतं. साखरेचा बारीक रवा पडायला लागल्याची ती खूण आहे. चकाकी गेली रे गेली की तूप लावलेल्या ताटात ओता आणि वाटीच्या तळाने थापा. चकाकी असताना ओतलं तर वडी ओली राहते. चकाकी जाऊन अर्धं मिनिट उलटलं तर कढईतच भुगा होतो. तुमच्या दोन्ही तक्रारी या अर्ध्या मिनिटातल्या आहेत. भुगा झालाच तर त्यात दोन-तीन चमचे दूध घालून परत आचेवर ठेवा, सगळं विरघळू द्या आणि त्याच खुणांनी पुन्हा उतरवा. ओली राहिली तर तशीच कढईत परत घाला. वडी दुसरी संधी देते. नारळाच्या वडीलाही हेच नियम, फक्त नारळात ओलावा जास्त, म्हणून वेळ जास्त लागतो.

काटेरी हलवा घरी जमेल का? जमेल, आणि करावाच असं मला मनापासून वाटतं. संक्रांतीला नव्या सुनेला काळ्या साडीवर घालायचे दागिने, बाळाच्या बोरन्हाणाचा मुकुट आणि बाजूबंद हे सगळं दादरला, गिरगावात, तुळशीबागेत तयार मिळतं. पण घरच्या परातीत पांढरा होत जाणारा हलवा एकदा पाहिलात, तर पुढल्या वर्षी परात आपोआप बाहेर निघेल. त्याला चार गोष्टी लागतात : थंड कोरडी हवा, मंद आच, स्वच्छ पाक आणि सवड. एका बैठकीत होत नाही. रोज सकाळी किंवा रात्री थोडा वेळ, असे तीन-चार दिवस धरा.

पाक असा करा. अर्धा किलो साखर, पाव लिटर पाणी. उकळी आली की दोन चमचे दूध घाला. दूध फाटतं आणि साखरेतली मळी त्याबरोबर वर येते, ती झाऱ्याने काढून टाका. पाक कापडातून गाळा. हलव्याचा पांढरेपणा इथेच ठरतो. मग एकतारी करा, त्यापुढे नेऊ नका. लिंबू अजिबात नको, कारण इथे साखरेचा रवा पडायलाच हवा आहे. पाक कोमट राहील असा ठेवा. घट्ट झाला तर चमचाभर पाणी घालून परत गरम करा.

आत काय घालायचं ते तुमच्या हौसेवर. तीळ, खसखस, साबुदाणा, मगज, बारीक शेवयांचे तुकडे असं काहीही. सुरुवात तिळाने करा, तीळ समजूतदार असतात. मूठभर तीळ हलके भाजून, पाखडून, पसरट परातीत किंवा जाड बुडाच्या थाळ्यात घ्या. परात तव्यावर, तवा अगदी मंद आचेवर. परातीला बोट लावून धरवेल इतकीच ऊब हवी. आता चमचाभर पाक तिळांवर शिंपडायचा आणि बोटांच्या टोकांनी हलक्या हाताने गोल फिरवत राहायचं. तीळ आधी चिकटतात, मग सुटे होतात, मग कोरडे होतात. पूर्ण कोरडे झाल्याशिवाय दुसरा चमचा घालायचा नाही. पहिले काही हात देताना काहीच दिसत नाही आणि माणूस कंटाळतो. आठ-दहा हातांनंतर दाणे पांढुरके दिसायला लागतात.

काटा येण्याची खूण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसते. दाण्यावर साखरेचा थर बसला की नवा पाक सगळीकडे सारखा पसरत नाही. जिथे आधीचे कण वर आलेले असतात तिथे तो अडकतो आणि सुकतो, पुढचा थेंबही तिथेच अडकतो, आणि काटा लांबत जातो. म्हणून या टप्प्यावर पाक किंचित दाट, एकतारीच्या थोडा पुढचा घ्यायचा, एका वेळी कमी घालायचा, आणि हात अगदी हलका ठेवायचा. जोरात चोळलंत तर काटे मोडतात आणि गुळगुळीत गोळ्या मिळतात. दमट हवेत पाक नीट सुकत नाही, म्हणून कोकणपट्टीत काटा येणं अवघड जातं. तुम्ही डिसेंबर अखेर ते जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात, पहाटे, पंखा बंद ठेवून करून बघा. एरवीही तीळ गोड होतील, पण काटा थंडीत येतो. बैठकीच्या मध्ये परात पातळ कापडाने झाकून कोरड्या जागी ठेवा, डब्यात बंद करू नका. रंग हवा असेल तर शेवटच्या दोन हातांच्या पाकात घाला. केशराचा पिवळा आणि बिटाचा गुलाबी सुंदर दिसतो.

मुलांच्या हौसेसाठी लिंबाच्या चोखायच्या गोळ्याही करता येतात. मालेगाव तालुक्यातल्या रावळगावच्या गोळ्या खाऊन मोठं झालेल्यांना त्यांचं अप्रूप कळेल. २०० ग्रॅम साखर, ६० मिलिलिटर पाणी, चार चमचे लिक्विड ग्लुकोज. १५० अंशांपर्यंत न ढवळता उकळायचं, काठावर लागलेले साखरेचे कण ओल्या ब्रशने पुसून खाली घ्यायचे. गॅस बंद करून बुडबुडे शमू द्या, मग अर्धा चमचा सायट्रिक आम्ल आणि इसेन्स. आंबट नेहमी शेवटी, आधी घातलं तर गोळ्या चिकट होतात. सिलिकॉनच्या चटईवर चमच्याने थेंब सोडा, गार झाल्यावर पिठीसाखरेत घोळवा. रस किंवा सरबत घालू नका, त्याच्याबरोबर पाणी येतं आणि सगळी मेहनत वाया जाते.

पाकाच्या भाजण्याबद्दल गंभीरपणे सांगते. दीडशे अंशांचा पाक उकळत्या पाण्यापेक्षा कितीतरी वाईट भाजतो, कारण तो चिकटून राहतो आणि भाजतच राहतो. पाक उकळत असताना मुलांना ओट्यापासून लांब ठेवा. वळणं, थापणं, रेघा पाडणं त्यांना द्या, पण मिश्रण हाताला सोसवेल इतकं गार झाल्यावर. अंगावर पडलाच तर ओढून काढू नका. वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटं धरा आणि मग डॉक्टर. बर्फ, टूथपेस्ट, तूप, काही लावू नका. आणखी एक : बोरन्हाणात लहानग्याच्या डोक्यावर हलवा, बोरं, दाणे ओततात, आणि आजूबाजूची पोरं ते लुटतात. पाच वर्षांखालच्या मुलांच्या घशात अख्खा दाणा, कडक गोळी, हलव्याचा मोठा मणी अडकू शकतो. त्या वयाच्या मुलांसाठी चुरमुरे आणि मऊ लाडवांचा चुरा वेगळा ठेवा, आणि बाळाच्या मुकुटातला एकही मणी सुटा नाही ना, हे दोरा ओढून तपासा.

राहिलं लेकीचं पार्सल. नारळाची आणि साय घातलेली आल्याची वडी पाठवू नका, प्रवासात खराब होते. आल्याची वडी पाठवायचीच असेल तर साय, दूध पावडर काहीच न घालता करा. चिक्की आणि पाकातले तिळाचे लाडू उत्तम टिकतात. त्यांचा शत्रू ओलावा, आणि त्यानंतर तेलाचा खवटपणा, म्हणून दाणे-तीळ ताजे घ्या आणि महिन्याभरात संपवायला सांगा. चिक्कीच्या तुकड्यांमध्ये बटर पेपर घाला, हवा काढून पिशवी सीलबंद करा, डब्यात खाद्यपदार्थांसाठी मिळणारी सिलिका जेलची पुडी टाका. हलवा पाठवायचा असेल तर मात्र जपून. संयुक्त अरब अमिरातीत खसखस नेण्यावर बंदी आहे, आणि दाण्याच्या आत असलेली खसखसही खसखसच धरली जाते. दुबईसाठी हलवा फक्त तिळावर किंवा साबुदाण्यावर करा, लाडवातही खसखस घालू नका, आणि डब्यावर आत काय काय आहे ते इंग्रजीत स्वच्छ लिहून चिकटवा. दागिने पाठवत असाल तर ओवलेले पाठवू नका, वाटेत काटे झडतात. सुटा हलवा, दोरा आणि सोनेरी कागद वेगळे ठेवा. ओवायला लेकीला एक संध्याकाळ पुरेल.